दिगंबर सुपेकरांची चौकशी

तो माणूस चामड्याचा भला थोरला पंजा तोंडासमोर धरून अक्काशी बोलत होता, आणि अक्का समोर उभी राहून गंभीरपणे मान डोलवत होती. मी कन्याशाळेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर सायकलची चेन पडल्याचं निमित्त करून वाकलो होतो. चेन शाबूत होती.

तोंड झाकून बोलणारी माणसं मी तोवर दोनच ठिकाणी पाहिली होती. एक दातांच्या दवाखान्यात, दुसरी आमच्या जकात नाक्यावर. मी तेव्हा बार्शीच्या नाक्यावर कारकून होतो. ताडपत्रीखाली हळद आहे असं ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून म्हणाला, की खाली सुपारी निघायची. त्यामुळे दिगंबर सुपेकर या इसमाबद्दलचं माझं मत त्याच्याशी एक शब्द बोलण्याआधीच तयार झालं होतं.

घरी येऊन मी अण्णांना हकिकत सांगितली.

"तोंड कुठल्या हातानं झाकतो?" अण्णांनी विचारलं.

"डाव्या. त्यात तो पंजा असतो."

"आणि उजवा?"

"पाठीमागे."

"पाठीमागे काय असतं?"

"चेंडू."

"तू पाहिलास?"

"नाही. पण चेंडूच असणार."

"मग चेंडू आहे असं म्हणू नकोस. काहीतरी आहे असं म्हण."

अण्णा निवृत्त मुख्याध्यापक होते. उभ्या जिल्ह्यात त्यांचं नाव झालं ते शिकवण्यामुळे नव्हे, कॉपी पकडण्यामुळे. बोर्डाच्या परीक्षेला ते ज्या केंद्रावर असतील तिथला निकाल हमखास पडायचा आणि मारुतीच्या देवळातली गर्दी हमखास वाढायची. मोज्यातली, वेणीतली, प्लास्टरमधली, भाकरीच्या पदरातली, अशा सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी काढलेल्या. निवृत्तीनंतर परीक्षा संपल्या, पण नजर उरली. ती मग घरात येणाऱ्या प्रत्येक माणसावर खर्च होऊ लागली.

तिचा सगळ्यात मोठा भुर्दंड अक्कानं भरला. हेमलताअक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, कन्याशाळेत गणित शिकवायची आणि मुलींच्या खेळाच्या संघाबरोबर गावोगाव जायची. तिला स्थळं आली नाहीत असं नाही. आली आणि अण्णांनी तपासली. एकाची चप्पल एकाच बाजूनं झिजलेली निघाली, म्हणजे माणूस चालतानाही एकीकडे कलतो. एकानं स्वतःच्या वयाचा आकडा सांगण्याआधी क्षणभर विचार केला. एक तर सगळ्या बाजूंनी चांगला होता, आणि अण्णांच्या मते ते सर्वांत वाईट. अशा तऱ्हेनं अक्का छत्तिशीला आली.

हे स्थळ मात्र कोणी आणलेलं नव्हतं. अक्कानंच एका सकाळी चहा ओतता ओतता सांगितलं, की शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवायला सुपेकर म्हणून गृहस्थ येतात, आपल्यातलेच आहेत, आणि ते रविवारी घरी येऊन तुमच्याशी बोलणार आहेत. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "चौकशी कर."

अक्का मला अंगणात गाठून म्हणाली, "वश्या, चौकशी कर, माझी काही हरकत नाही. फक्त ह्या वेळी काही सापडवू नकोस."

आता स्थळाची चौकशी करायची म्हणजे आपल्याकडे स्थळ सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं असतं. तेही सरळ नाही. त्या गल्लीत भाड्यानं खोली मिळेल का, असं विचारत शिरायचं आणि बाहेर पडताना माणसाच्या रक्तदाबापर्यंतची माहिती घेऊन निघायचं. मी सुरुवात सुपेकरांच्या गल्लीतल्या भानुदास न्हाव्यापासून केली. दाढी नुकतीच केली होती, म्हणून केस कापायला बसलो.

"अमेरिकेचाय म्हनं," भानुदास म्हणाला. "तिकडंच जन्म झाला. बाप बियान्याच्या कंपनीत होता, तो वारला. आईला म्हातारपनी माहेर आठवलं, म्हनून तिला घिऊन आलाय. आता आईसाठी कोन येतं का अमेरिका सोडून?"

"काय म्हणायचंय तुला?"

"मला कुठं काय म्हनायचंय. मी इचारलं."

"धंदा काय करायचा तिकडं?"

"चेंडू टाकायचा."

"धंदा विचारतोय मी."

"त्योच धंदा. पगार असतुया म्हनं." भानुदासनं कात्री थांबवली. "आन् दुसरं सांगू का, सायेब? नवाकोरा चेंडू आनतो आन् त्याला चिखल फासतो. रोज सकाळी. परसात बसून, देवाला अष्टगंध लावावं तसं. नवी वस्तू जुनी करून दाखिवनारा मानूस म्हंजे..." वाक्य त्यानं माझ्यावर सोडलं. न्हाव्याच्या दुकानात वाक्य गिऱ्हाइकानं पुरं करायचं असतं.

नवी वस्तू जुनी दाखवून आणली की जकात कमी बसते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी अर्धे केस कापलेले असतानाच उठणार होतो, पण भानुदासनं खांदा दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाड्याच्या खोलीचं निमित्त घेऊन थेट सुपेकरांच्याच परसात शिरलो. चौकशीच्या शास्त्रात हे बसत नाही, पण रविवार जवळ आला होता.

माणूस पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. समोर पाटावर चेंडू, बाजूला घमेल्यात कालवलेली काळी माती. भानुदासनं सांगितलं होतं तसंच. भिंतीवर कोळशानं एक चौकोन काढलेला, आणि त्या चौकोनातला गिलावा पार उडालेला. चौकोनाबाहेर भिंतीला एक पोचासुद्धा नव्हता.

"या," ते म्हणाले. "खोली नाही आमच्याकडं भाड्यानं. पण चहा आहे."

मी खोलीचं अजून काढलंही नव्हतं.

"काल तुम्ही भानुदासकडं केस कापलेत ना," ते मातीचा हात पुसत म्हणाले. "तो आज माझी दाढी करून गेला."

त्यांचं मराठी कानाला विचित्र लागत होतं. ते फक्त आईकडून शिकलेले, आणि आई बार्शी सोडून गेली ती कधीच्या काळची. त्यामुळे सहा फुटी माणूस आमच्या आजीच्या वयाच्या बायका बोलतात तसं बोलायचा. मी मात्र तेही वहीत नसलं तरी मनात टिपलं: भाषा पुरुषाची नाही.

"चेंडूला माती कशाला?" मी विचारलं.

"नवा चेंडू गुळगुळीत असतो, बोटातून निसटतो. माती चोळली की हातात बसतो. तिकडं नदीकाठची माती डब्यातून यायची. पण बार्शीची सरस हो. ज्वारीच्या रानाची आहे."

"तुम्ही खेळायचे पैसे घ्यायचात?"

"घ्यायचो की."

"म्हणजे नोकरीच."

"नोकरीच. फक्त तिशी उलटली की पेन्शनीत काढतात, आणि पेन्शन देत नाहीत."

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, की तिकडे बेसबॉलचा एक मोठा संघ असतो आणि त्याच्या हाताखाली लहान लहान संघ, जिल्हा, तालुका, खेडं अशा उतरंडीनं. ते बहुतेक काळ तालुक्याच्या पातळीवर खेळले. बसनं गावोगाव जायचं, बसमध्येच झोपायचं, मिळेल ते खायचं.

"मोठ्या संघात कधी?"

"एकदा बोलावलं. एक दुपारभर. पहिल्याच मारणाऱ्यानं माझा चेंडू टोलवला. अगबाई, तो चेंडू अजून खाली आला नसेल." ते हसले. "संध्याकाळी परत तालुक्यात."

खोटं बोलणारा माणूस स्वतःला निदान जिल्ह्यापर्यंत तरी नेतो, असा माझा अनुभव होता. पण हे ओळखूनच त्यानं तालुका निवडला नसेल कशावरून? मी सावध झालो.

"कुठला चेंडू टाकायचा ते तुम्हीच ठरवायचात?"

"छे. समोर एक झेलणारा उकिडवा बसलेला असतो. तो मांड्यांच्या मधे बोटं दाखवतो. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळता. आपण बघायचं आणि टाकायचं."

"आणि नाही पटलं तर?"

"मान हलवायची. एवढीशीच, दुसऱ्याला कळू नये अशी. मग तो पुन्हा खूण देतो. पण झेलणाऱ्याला ते खपत नाही हो. नंतर जेवताना बोलतो."

"आणि तोंड झाकणं?"

"पलीकडचे लोक ओठ वाचतात."

"बार्शीत कोण वाचणार?"

"तुम्ही," ते म्हणाले. "परवा चेन लावत होतात ते."

मी चहा संपवला. खुणा, झाकलेलं तोंड, चोरून हललेली मान. इतक्या गोष्टी तर आमच्या नाक्यावर एका पाळीत होत नसत. निघताना मी शेवटचा प्रश्न टाकला, "मग खेळ सोडलात का?"

सुपेकरांनी एक चेंडू उचलला, उगाच फिरवून पाहिला आणि पाटावर ठेवला. "अण्णा विचारतीलच की," ते म्हणाले. "त्यांनाच सांगतो."

मी हे अक्काला सांगितलं तेव्हा ती निवडत होती ते तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, "खांदा गेला त्यांचा. डॉक्टरचा कागद आहे. अण्णांना तेवढंच सांग." इतकं झटकन उत्तर मी अक्काकडून गणिताचंसुद्धा ऐकलं नव्हतं.

रविवारी दुपारी सुपेकर आले ते एकटेच. अण्णांनी तसाच निरोप धाडला होता. पालक फाटकाबाहेर, हा परीक्षा केंद्राचा नियम त्यांनी वधुवरपरीक्षेलाही लावला होता. बैठकीची मांडणीही त्यांनी सकाळपासून केली होती. पाहुण्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून, म्हणजे चेहऱ्यावर उजेड. स्वतःची तिच्यासमोर, उजेडाला पाठ करून. मी बाजूच्या दिवाणावर. अक्कानं पोहे दिले आणि रिकामं ताट हातात धरून ती अण्णांच्या खुर्चीमागे, खिडकीशी उभी राहिली.

"शिक्षण?" अण्णांनी सुरुवात केली.

"कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं."

"नापास?"

"नाही. खेळाचं बोलावणं आलं म्हणून."

"बरं. मांसमच्छर?"

सुपेकर जरा थांबले. "आईच्या स्वयंपाकघरात ते कधी शिरलेलं नाही."

उत्तर ऐकायला सोज्वळ होतं. पण प्रश्न माणसाबद्दल होता आणि उत्तर स्वयंपाकघराबद्दल, हे माझ्या लक्षात आलं. मी मान वर केली, आणि मला अक्काचा हात दिसला. ताट तिनं डाव्या हातानं कमरेशी धरलं होतं. उजवा हात त्याच्या खाली, निऱ्यांवर. त्याची दोन बोटं सरळ खाली होती.

मी पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला.

"परत अमेरिकेला जाणार?" अण्णा विचारत होते.

निऱ्यांवर एक बोट आलं.

"नाही," सुपेकर म्हणाले. "आईला इथं राहायचंय. आता मलाही."

म्हणजे माझी सख्खी बहीण, गणिताची शिक्षिका, जिल्ह्यातल्या नामांकित कॉपी पकडणाऱ्याची मुलगी, त्याच्या डोक्यामागे उभी राहून उमेदवाराला उत्तरं पुरवत होती. मी खाकरलो असतो तर प्रकरण तिथंच संपलं असतं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती. खाकरलास तर पाहून घेईन, असं होतं ते. मी पोहे गिळले.

"शेवटचा प्रश्न," अण्णा म्हणाले. "खेळ का सोडलात?"

दोन बोटं.

सुपेकरांची मान हलली. एवढीशी, डावीकडून उजवीकडे. एखाद्याला वाटलं असतं, माशी बसली असेल.

अक्काची बोटं मिटली आणि पुन्हा उघडली. दोनच. ह्या वेळी ती इतकी ताठ होती की नखं पांढरी दिसत होती.

मान पुन्हा हलली.

"मला काढलं," सुपेकर म्हणाले. "लबाडी करताना सापडलो."

अण्णांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"कसली लबाडी?" अण्णांचा आवाज परीक्षेच्या हॉलमधला होता.

"चेंडूला व्हॅसलिन लावायचो. मग तो मधेच गोता खातो, मारणाऱ्याला लागत नाही. नियमात बसत नाही ते."

"कुठं ठेवायचात?"

"टोपीच्या आत, पुढच्या पट्टीला. घाम पुसल्यासारखं करायचं."

"किती बोटं?"

"दोन."

अण्णांनी नकळत मान डोलावली. कारागिरानं कारागिराचं काम बघावं तशी. "पहिल्यापासून?"

"शेवटच्या वर्षी. खांदा गेला होता. चेंडू पोचायचा, पण बैलगाडीनं. घरी जाऊन काय करायचं तेही माहीत नव्हतं. एके दिवशी पंच चालत आला आणि म्हणाला, टोपी काढ."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. काढून दिली."

अण्णा खुर्चीत मागे रेलले. "चाळीस वर्षांत मी शेकड्यांनी पोरं पकडली," ते माझ्याकडे पाहत म्हणाले, जणू सुपेकर तिथं नव्हतेच. "एक जण म्हणाला नाही, सर, चिठ्ठी माझी आहे. वाऱ्यानं आली म्हणतात. बार्शीत मे महिन्यात पान हलत नाही तेव्हासुद्धा वाऱ्यानं येते." मग मागे न वळता म्हणाले, "हेमे, ताट खाली ठेव आणि पुढं ये."

अक्का पुढे आली.

"पहिल्या प्रश्नाला काही नव्हतं. दुसऱ्याला वळवून सांग. तिसऱ्याला सरळ. चौथ्याला पुन्हा वळवून, दोनदा. बरोबर?"

"तुम्हाला कसं दिसलं?" हे मी विचारलं.

"मी तिच्याकडे बघितलंच नाही. उत्तर आठवणारा पोरगा छताकडे बघतो. उत्तर घेणारा एकाच जागी बघतो. हे गृहस्थ माझ्या डाव्या कोपराच्या मागे बघत होते. खूण कुठली ते उत्तरावरून कळतं, आणि नाकारली ते मानेवरून." अण्णांनी चष्मा काढला. "चौथ्या वेळी त्यांनी घेतलं नाही, हे खरं. पण आता मला सांगा, तेही तुम्ही आधी ठरवलेलं नसेल कशावरून? म्हातारा कॉपी पकडणारा आहे, खोटं त्याला पचणार नाही. तेव्हा खुणा त्याला दिसतील अशाच करायच्या, आणि ऐन वेळी त्या झिडकारून कबुली द्यायची. म्हातारा विरघळतो. मी असतो तर असंच केलं असतं."

मला हे सुचलं नव्हतं, आणि ऐकल्यावर लगेच पटलं. जो माणूस खरं बोलला म्हणून संशयित ठरतो त्याच्याकडे पुढची चाल नसते. स्थळ गेलं, मी मनात म्हटलं. चप्पल झिजलेल्यांच्या पंगतीत जाऊन बसलं.

पण अक्कानं अण्णांचं ऐकलेलंच दिसत नव्हतं. ती सुपेकरांकडे वळली.

"मी दोन बोटं दाखवली की नाही?"

"दाखवलीस."

"दोनदा?"

"दोनदा."

"मग?"

"मला तो टाकायचा नव्हता."

"तुला? लग्न काय तुझ्या एकट्याचं आहे?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. दोघंही एकेरीवर होती. "खांदा गेला होता ना? डॉक्टरचा कागद आहे ना पेटीत? मग खांदा म्हणायला काय जीभ झडत होती?"

"अगं, पण त्यांनी खांद्याबद्दल नव्हतं विचारलं."

"शहाणपणा सुचायला आजचाच दिवस मिळाला. पुढच्या वर्षी सांगायचं होतंस. चार माणसांत हार घातल्यावर सांगायचं होतंस, कोण नको म्हणत होतं?"

"तेव्हा सांगितलं असतं तर ती दुसरी लबाडी झाली असती."

"हेमे," अण्णा म्हणाले.

"तुम्ही मधे बोलू नका, अण्णा."

हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कोणीच उच्चारलेलं नव्हतं.

"माढ्याच्या मॅचलाही हेच केलंस," अक्का थांबेना. "मी बाकावरून ओरडतेय पोरीला दुसऱ्या बेसवर थांबव, आणि तू तिला पळवलीस."

"पण धाव झाली."

"झाली म्हणून बरोबर होत नाही. छत्तीस वर्षांची झाले मी, दिगंबर. आजवर एक माणूस मला..."

"म्हणूनच तर. नंतर कळलं असतं तर त्यांनी मला काढलं असतं ते सोड, तुला..."

"माझं मी बघितलं असतं."

"कसं बघितलं असतंस? मी टोपी काढून दिलीय एकदा लोकांसमोर, मला माहीत आहे कसं..."

"तुला काय माहीत आहे, तुला पोह्यात मीठ कमी होतं तेही माहीत नाही."

यापुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण दोघं एकाच वेळी बोलत होती. अण्णांनी आपली पोह्यांची बशी ओढली, एक घास घेतला आणि मीठ खरंच कमी आहे का ते पाहिलं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हे ठरवलेलं नाही."

"कशावरून?" मी म्हणालो. संशय एकदा लागला की मोडत नाही.

"ठरवून केलेल्या भांडणात माणसं आळीपाळीनं बोलतात. इथं बघ. दोघांपैकी एक तरी ऐकतंय का?"

मी पाहिलं. कोणीही ऐकत नव्हतं. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, हातवारे मात्र वर्गात फळ्यापुढे असतात तसे चालले होते, आणि सुपेकर आपल्या आईच्या जुन्या मराठीत तिला पुन्हा पुन्हा समजावत होते, अगं बाई, जरा धीर धर, माझं ऐकून तर घे.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "कुलकर्णी गुरुजींकडे जा. म्हणावं, पंचांग घेऊन या."

"आत्ता?"

"आत्ताच. भांडण संपायच्या आत ये. संपलं की दोघं विचार करायला लागतील."

मी चपला घातल्या आणि गुरुजींच्या घराकडे जवळजवळ पळतच निघालो. घाई करायचं खरं तर काही कारण नव्हतं. त्या दुपारला आता तीस वर्षं होऊन गेली आहेत, आणि खांदा म्हणायला हवं होतं की नको, हे त्या दोघांचं अजून ठरलेलं नाही.